कोड पुसला तरी इंजिनाचा दिवा परत का लागतो? वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉल्ट कोड वाचताना होणारी गल्लत

इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावून कोड पुसला जातो. दोन-चार दिवस बरे जातात आणि दिवा पुन्हा हजर. मग कोडच्या नावात जो पार्ट दिसतो तो बदलला जातो, तरी दिवा येतोच. ही तक्रार सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांबाबत ऐकू येते. दोष गाडीत असतोच, पण तो सापडत नाही याचं कारण बहुतेक वेळा कोड चुकीचा वाचला जाणं हे असतं.

इंजिनाचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, गाडी चालू असताना सारख्या चाचण्या घेत असतो. एखादी चाचणी नापास झाली की तो तिचा नंबर लिहून ठेवतो. कुठला पार्ट गेला हे त्याला माहीत नसतं.

पी०४२० हा कोड घ्या. स्कॅनरवर येतं: कॅटॅलिस्टची कार्यक्षमता मर्यादेपेक्षा कमी, बँक १ (म्हणजे इंजिनाची पहिला सिलिंडर असलेली बाजू). हे वाचून लोक थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याची, चौकशी सुरू करतात. पण ईसीयूकडे कन्व्हर्टर मोजायचं वेगळं यंत्र नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत, तेवढ्यावर तो अंदाज बांधतो. कन्व्हर्टर ठीक असेल तर गरम इंजिनावर एकसारख्या वेगात मागच्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टला शांत राहतं. ते सारखं वरखाली उड्या मारायला लागलं की ईसीयू समजतो, कन्व्हर्टर ऑक्सिजन धरून ठेवत नाही, आणि कोड टाकतो. आता सेन्सरच्या आसपासच्या एखाद्या जोडातून बाहेरची हवा सायलेन्सरच्या पाइपात शिरत असेल, तरी मागच्या सेन्सरला जवळपास हेच दिसणार. म्हणून आधी एक्झॉस्टचे जोड बघा. थंड इंजिन चालू केल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) टिकटिक ऐकू येते का, जोडावर काजळीचा काळा पट्टा आहे का, एवढं तरी पाहा. आणि गाडी बरेच दिवस मिसिंग करत असेल किंवा ऑइल खात असेल, तर कन्व्हर्टर खरंच गेलेला असू शकतो. मात्र ते मूळ कारण तसंच ठेवून नवा बसवलात तर तोही जळणार.

पाच अक्षरं कशी फोडायची

पहिलं अक्षर विभाग सांगतं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखं चासिसचं काम, बी म्हणजे बॉडी (एअरबॅग, एसी, दरवाजे), आणि यू म्हणजे कंप्युटरचं आपसातलं बोलणं.

दुसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं. पी० असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांत एकच, कारण तो एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२०१२ या मानकात ठरलेला आहे. पी१ असेल तर अर्थ कंपनीने स्वतः ठरवलेला. पी२ पुन्हा सगळ्यांना समान. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, पी० सोडून बाकी सगळं कंपनीचं असं ते धरून चालतात. पी३ मध्ये दोन्ही आहेत: पी३४०० च्या पुढचे समान, त्याआधीचे कंपनीचे. सी आणि बी मध्ये ० समान, तर १ आणि २ कंपनीचे.

तिसरा आकडा इंजिनातला भाग दाखवतो. १ आणि २ हवा-इंधनाचं प्रमाण आणि इंजेक्टर, ३ इग्निशन आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), ४ धूर कमी करणाऱ्या यंत्रणा (ईजीआर, कॅटॅलिस्ट, पेट्रोलची वाफ पकडणारी ईव्हॅप), ५ वेग आणि आयडलिंग, ६ खुद्द ईसीयू, ७ आणि ८ गिअरबॉक्स. हायब्रिड गाड्यांना ए आहे. हायब्रिड बॅटरी बदला असं सांगणारा पी०ए८० त्यातलाच. म्हणजे कोडमध्ये मधेच ए ते एफ यांपैकी अक्षर दिसलं तर स्कॅनर बिघडलेला नाही.

ही शिस्त आली ती ओबीडी-२ मुळे, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष तपासून नोंदवण्याच्या सामाईक पद्धतीमुळे. अमेरिकेत ते १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलना त्यानंतर. त्याआधीच्या गाड्यांना हे काहीच लागू नाही. जुन्या टोयोटात टीई१ आणि ई१ या पिना वायरने जोडायच्या आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. अशा दोन आकडी नंबराला आजचा तक्ता लावू नका.

पी१ दिसला की आधी कंपनी बघा

स्वस्त ब्लूटूथ ॲडॅप्टर आणि मोफत ॲप यांचा खरा घोळ इथे होतो. पी० चा तक्ता त्यांच्याकडे बरोबर असतो. पी१ आला की काही ॲप मिळेल त्या कंपनीचा अर्थ चिकटवून मोकळी होतात.

पी११२८ बघा. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत याचा अर्थ बँक १ चं मिश्रण पातळ, इंधनाची दुरुस्ती मर्यादेबाहेर गेली. टोयोटात हाच नंबर थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) मोटर अडकल्याचा आहे. पहिल्या गाडीत व्हॅक्यूमचे पाइप तपासायचे, दुसरीत थ्रॉटल बॉडी खोलायची. चुकीचा तक्ता हातात असेल तर आख्खा दिवस वाया.

पी१३०० तर गमतीचाच. टोयोटात तो इग्नायटरच्या सर्किटचा दोष. फोक्सवॅगनमध्ये त्याचा अर्थ मिसफायर झाला, कारण टाकीत इंधन कमी होतं. म्हणजे ईसीयू स्वतःच सांगतोय की पेट्रोल भरा, आणि इथे कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारा पार्ट) बदलायची तयारी चाललेली.

फोर्डचा पी१००० बघून घाबरणारेही बरेच. त्यात दोष काहीच नसतो. कोड पुसल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर ईसीयूच्या सगळ्या चाचण्या अजून पूर्ण झालेल्या नाहीत, एवढंच तो सांगतो. गाडी नेहमीसारखी चालवत राहिलं की आपोआप जातो. तो सारखा पुसत बसलात तर मात्र कधीच जाणार नाही, कारण प्रत्येक वेळी चाचण्या पहिल्यापासून सुरू होतात.

काही कंपन्यांचे स्कॅनर पी-कोड बाजूला ठेवून स्वतःचाच नंबर दाखवतात. फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडाच्या जुन्या गाड्यांत १६५५५ असा पाच आकडी नंबर येतो. त्यातून १६३८४ वजा करा, १७१ उरले, म्हणजे पी०१७१. १६६८४ म्हणजे पी०३००. पी१ च्या कोडना मात्र १६४०८ वजा करायचे, मग १७५३६ चा पी११२८ होतो. बीएमडब्ल्यूत २९सीडी असे चार अक्षरी कोड दिसतात. हा पहिल्या सिलिंडरच्या मिसफायरचा. साधा स्कॅनर त्याच गाडीत पी०३०१ दाखवेल. दोष एकच, नोंद दोन ठिकाणी. मात्र कंपनीच्या यादीत बऱ्याचदा जास्त तपशील असतो, म्हणून दोन्ही उतरवून घ्या.

नव्या गाड्यांत कोडच्या शेवटी आडवी रेघ आणि आणखी दोन अक्षरं येतात. ती सोडून देऊ नका. ११ असेल तर वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूला, लागली आहे, १२ म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागली आहे, १३ म्हणजे सर्किट तुटलं आहे. शेवटी १३ दिसत असेल तर सेन्सर विकत घेण्याआधी त्याचा प्लग काढून पिना बघा. साधा स्कॅनर ही दोन अक्षरं बहुधा दाखवतच नाही, आणि फक्त याच कारणासाठी मी कंपनीनुसार चालणाऱ्या सॉफ्टवेअरची शिफारस करतो.

दुसरा सिलिंडर नेमका कुठला?

पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरला मिसफायर. अर्थ सगळीकडे हाच. पण सिलिंडर मोजायला सुरुवात कुठून करायची, हे कंपनी ठरवते आणि कोडमध्ये ते लिहिलेलं नसतं. आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात बहुतेक कंपन्या पट्ट्याच्या किंवा टायमिंग चेनच्या बाजूने मोजतात. रेनॉल्ट आणि प्यूजो-सिट्रोएनच्या बऱ्याच इंजिनांत पहिला सिलिंडर फ्लायव्हीलच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला असतो. पी०३०२ आला आणि तुम्ही पट्ट्याकडून दुसरी कॉइल बदलली, तर ती तिसऱ्या सिलिंडरची निघते. नवी कॉइल चांगल्या सिलिंडरवर बसते, दोष जागच्या जागी राहतो आणि कोड परत येतो. मग कॉइल डुप्लिकेट होती म्हणून दुकानदाराशी भांडण.

व्ही आकाराच्या इंजिनात गोंधळ आणखी वाढतो. बँक १ म्हणजे ज्या बाजूला पहिला सिलिंडर आहे ती बाजू. ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे पाहिलं तर फोर्डच्या व्ही८ मध्ये ती उजवीकडे येते, जनरल मोटर्सच्या व्ही८ मध्ये डावीकडे. फोर्ड उजव्या बाजूला १ ते ४ आणि डाव्या बाजूला ५ ते ८ असं ओळीने मोजते. जनरल मोटर्स विषम आकडे डावीकडे आणि सम आकडे उजवीकडे ठेवते. त्यामुळे एका गाडीत दुसरा सिलिंडर पहिल्याच्या शेजारी, दुसरीत समोरच्या ओळीत. बीएमडब्ल्यूच्या काही सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनांनाही दोन बँका असतात, १ ते ३ आणि ४ ते ६. सरळ इंजिनात बँक २ कुठून आली, असं म्हणून तो कोड उडवून लावू नका.

जागा पक्की झाली की कॉइलची अदलाबदल करा. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. एका वेळी एकच वस्तू हलवायची. कोड पुसून गाडी फिरवा. पी०३०३ आला तर कॉइलच गेलेली. पी०३०२ कायम राहिला तर हाच प्रकार प्लगचा करा, मग इंजेक्टरची वायर आणि इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. यात पार्टवर काहीच खर्च नाही. फक्त एक लक्षात ठेवा: चालत्या गाडीत दिवा लुकलुकायला लागला तर ही परीक्षा घेत फिरू नका. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरपर्यंत जाऊन तो जळण्याइतका मिसफायर होतोय. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या.

पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम

कोड टाकताना ईसीयू त्या क्षणाची नोंद ठेवतो: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनावरचा लोड, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा). हीच फ्रीझ फ्रेम. कोड पुसला की तीही जाते. परत परत येणाऱ्या दोषात यापेक्षा मोठा धागादोरा नाही, आणि घाईत पहिला बळी तिचाच जातो. स्क्रीनचा फोटो काढा, मगच पुसायचं बटण दाबा. खरं तर निदान होईपर्यंत, चाचणीसाठी गरज नसेल तर, पुसूच नका.

पी०१७१ वर हे नीट दिसतं. मिश्रण पातळ, बँक १. नाव वाचून लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. वास्तविक तो बिचारा पातळ मिश्रण पाहून पातळच सांगत असतो.

स्कॅनरच्या लाइव्ह डेटात दोन ओळी उघडा, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, आणि दोन्हींची बेरीज करा. निरोगी इंजिनात ती साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असते. समजा आयडलिंगला बेरीज अधिक २४ आली. आता रेस देऊन २५०० आरपीएमला धरा. बेरीज उतरून ५-६ वर आली, तर इंजिन कुठून तरी एअर पकडतंय. कारण सरळ आहे: चिरलेल्या पाइपातून येणारी चोरटी हवा फारशी वाढत नाही, पण थ्रॉटल उघडल्यावर इंजिनात जाणारी एकूण हवा कितीतरी वाढते, त्यामुळे त्या चोरीचं प्रमाण नगण्य होतं. इनटेक मॅनिफोल्डच्या मागे जाणारा क्रँककेस ब्रीदरचा रबरी पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डची गॅस्केट यांवर पहिला संशय घ्या. ब्रीदरच्या पाइपाची चीर बहुधा खालच्या वळणावर असते आणि वरून पाइप धडधाकट दिसतो. हाताने पिळून बघितल्याशिवाय ती उघडत नाही. धूर सोडून तपासायची सोय असेल तर सर्वांत उत्तम. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून लीक शोधणारे महाभाग आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका, आग लागते.

उलट चित्र असेल, म्हणजे आयडलिंगला ट्रिम ठीक आणि चढावर किंवा वेगात वाढत जाणारा, तर इंधन कमी पडतंय किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर घाण होऊन कमी हवा सांगतोय. फिल्टर, पंपाचा दाब आणि एमएएफची तार हे क्रमाने बघा. व्ही इंजिनात पी०१७१ आणि पी०१७४ (तोच दोष, बँक २) जोडीने आले तर कारण दोन्ही बाजूंना सामाईक आहे. एकटाच आला तर त्याच बाजूला शोधा.

इथेही कंपनीचा फरक पडतो. काही गाड्यांत एमएएफ नसतोच, मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरवरून हवेचा हिशेब होतो. त्या गाडीत बाहेरून शिरलेली हवाही दाब वाढवते, ईसीयू तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो, आणि पातळ मिश्रणाचा कोड येण्याऐवजी आयडलिंग चढलेलं दिसतं. म्हणजे तोच फाटका पाइप एका कंपनीच्या गाडीत पी०१७१ देतो आणि दुसरीत पी०५०७, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त.

फ्रीझ फ्रेममध्ये कूलंटचं तापमान कमी दिसलं, तर तपासणीही थंड इंजिनावरच करा. काही गॅस्केट थंडीत आकसतात आणि गरम झाल्या की भेग बुजवतात. गॅरेजपर्यंत गाडी गरम होऊन पोहोचते आणि दोष सापडत नाही, तो यामुळे.

बाकीच्या नेहमीच्या पाहुण्यांबद्दल थोडक्यात. पी०४५५ किंवा पी०४५७ (पेट्रोलच्या वाफेची गळती) आला तर आधी पेट्रोलच्या झाकणाचा रबर बघा. पी०१२८ म्हणजे इंजिन ठरलेल्या वेळात गरम होत नाही: कूलंटची पातळी बघा, ती ठीक असेल तर बहुधा उघडा राहिलेला थर्मोस्टॅट.

एकदम दहा कोड आले तर

एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स, सगळीकडून यू ने सुरू होणारे कोड एकाच वेळी आले, तर दहा दोष शोधू नका. बॅटरी बघा. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर कंप्युटर एकमेकांशी बोलताना अडखळतात आणि एकमेकांच्या नावाने तक्रारी लिहितात. मग अर्थिंग. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थची पट्टी गंजली आहे. हे सुधारून सगळे कोड पुसा आणि जे परत येतील तेवढ्यांचाच विचार करा. नवी बॅटरी बसवल्यानंतर आलेले यू-कोड हे बहुधा बॅटरी काढल्याच्या वेळचे जुने असतात.

दुरुस्ती झाली, दिवा तरी का आहे?

बहुतेक दोषांत ईसीयू पहिल्या नापास फेरीला (गाडी चालू करून बंद करेपर्यंतची एक फेरी) दिवा लावत नाही, पेंडिंग, म्हणजे अजून पक्का न झालेला, कोड लिहितो. पुढच्या फेरीतही तीच चाचणी नापास झाली की दिवा लागतो. विझतानाही तसंच: लागोपाठ तीन फेऱ्यांत चाचणी पास झाली की दिवा आपोआप जातो, आणि कोड साधारण ४० वेळा इंजिन थंडाचं गरम झाल्यावर स्मृतीतून पुसला जातो. म्हणून दुरुस्तीनंतर पेंडिंगची यादी बघायची सवय लावा. दिवा लागण्याआधीच तिथे उत्तर मिळतं.

अमेरिकेत २०१० च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने आलेला पर्मनंट कोड हा वेगळा प्रकार. तो कुठल्याही स्कॅनरने पुसला जात नाही आणि बॅटरी काढूनही जात नाही. ईसीयूने ती चाचणी स्वतः घेऊन पास केली की तोच काढून टाकतो. तो दिसतोय म्हणजे दुरुस्ती फसली असं धरू नका. रेडिनेसच्या यादीत ती चाचणी पूर्ण झाली आहे का ते पाहा. ईव्हॅपची चाचणी बऱ्याच गाड्यांत टाकी पूर्ण भरलेली किंवा जवळपास रिकामी असताना होतच नाही. थंड इंजिन, मध्यम टाकी आणि काही वेळ एकसारखा वेग, एवढं जुळवून दिलं की काम होतं.

आणि पाइप, वायर, सेन्सर, दाब सगळं तपासून ठीक निघालं, फ्रीझ फ्रेममध्ये प्रत्येक वेळी तेच आकडे आहेत, गाडी चालायला उत्तम आहे, तरी कोड येतोच, अशी वेळ आली तर पार्ट बदलणं थांबवा. चासिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा की या ईसीयूसाठी नवं सॉफ्टवेअर आलंय का. चाचणीची मर्यादाच जास्त कडक ठेवली गेली होती, म्हणून कंपन्यांनी अपडेट देऊन ती सैल केल्याची उदाहरणं आहेत. ईसीयूच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बऱ्याच स्कॅनरवर वाहनाच्या माहितीत कॅलिब्रेशन आयडी या नावाने दिसते. जाताना तो नंबर लिहून न्या.